अकरा रिळं, अकरा फेऱ्या

नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात डोंगरमाथ्यावर मनकामना देवीचं देऊळ आहे. नवसाला पावणारी म्हणून तिची ख्याती. पूर्वी भाविकांना काही तास चढण चढावी लागे. १९९८ साली कुरिनटारहून रोपवे सुरू झाला आणि तीच वाट दहा मिनिटांवर आली.

स्टेफनी स्प्रे आणि पाचो वेलेझ यांचा ‘मनकामना’ (२०१३) हा ११८ मिनिटांचा माहितीपट या रोपवेवरून खाली उतरतच नाही. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, देऊळही दिसत नाही.

दोघंही हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सेन्सरी एथ्नोग्राफी लॅब’शी संबंधित. १६ मिमीच्या चारशे फुटी रिळावर साधारण अकरा मिनिटांचं चित्रण मावतं आणि रोपवेची फेरीही जवळपास तेवढीच. सगळा चित्रपट या जुळणीवर उभा आहे: एक फेरी, एक रीळ, एक सलग शॉट. कॅमेरा वेलेझ सांभाळतात, ध्वनी स्प्रे. डबा स्थानकाच्या अंधारात शिरला की तिथेच पुढचा शॉट बेमालूम जोडला जातो.

पहिल्या फेरीत एक म्हातारा आणि एक मुलगा बसलेत. दोघंही अवाक्षर काढत नाहीत. प्रेक्षक आधी चुळबुळतो, मग मुलाची नजर कुठे वळते ते पाहू लागतो. खांब आला की डबा खडखडतो, माणसं हलतात, आणि एवढीशी हालचालही मोठी घटना वाटते. चेहरा इतका वेळ न्याहाळण्याची मुभा सिनेमा सहसा देत नाही. इथे ती आहे, आणि हेच या चित्रपटाचं खरं धाडस.

पुढे लांब केसांचे तरुण मांजराचं पिल्लू घेऊन येतात. एका फेरीत तर फक्त बकऱ्या आहेत. एक जोडपं कोंबडा घेऊन वर जातं. परततं तेव्हा तो जिवंत नसतो. त्यावर कुणी भाष्य करत नाही, करायची गरजही नाही.

सगळ्यात रसाळ फेरी आइसक्रीमची. दोघी बायका काडीवरचं आइसक्रीम खायला घेतात, ते भराभर वितळतं, बोटांवरून ओघळतं, आणि ते सावरता सावरता दोघींना हसू आवरत नाही.

यातले बरेच प्रवासी योगायोगाने सापडलेले नाहीत. स्प्रे नेपाळमध्ये अनेक वर्षं काम करत होत्या, त्यातून झालेल्या ओळखी इथे कामी आल्या. त्याने चित्रपटाला उणेपणा येत नाही. समोर कॅमेरा रोखलेला असताना ही माणसं इतकी निवांत बसतात, ती या जुन्या परिचयामुळेच. लोकार्नो महोत्सवात नव्या दिग्दर्शकांच्या विभागात त्याला २०१३ साली ‘गोल्डन लेपर्ड’ मिळाला. शक्य असेल तर तो थिएटरातच पाहावा; दोन सारंगीवादक तारा जुळवू लागतात तेव्हा डब्याची घरघर आणि सारंगीचा सूर एकमेकांत कसे मिसळतात, ते छोट्या पडद्यावर हाती लागत नाही.