साखर कारखान्याचं गरम पाणी वस्तीला आंघोळीसाठी देता येईल का?

कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात फॉल्स क्रीक भागातल्या इमारतींना 2010 पासून गटाराच्या पाण्यातली उष्णता हीट पंपाने काढून पुरवली जाते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात खोल्या तापवायची गरज नाही. पण थंडीत आंघोळीचं पाणी तापवावंच लागतं. त्यासाठी बंब, चूल, नाहीतर गिझर! आणि गरम पाणी वाया जाण्याची आपल्याकडची हमखास जागा म्हणजे साखर कारखाना. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हापासून हा जिल्हा कारखान्यांचाच.

उसात साधारण 70 टक्के पाणी असतं. म्हणजे 1000 टन उसात 700 टन पाणी! त्यातलं काही बगॅसमध्ये राहतं, बाकीचं बहुतेक रस आटवताना वाफ होऊन निघतं. वाफ थंड झाली की गरम पाणी मिळतं. त्यातलं बरंचसं बॉयलरला आणि गिरणीत उसाच्या चोथ्यावर वापरतात. उरलेलं आपल्या कामाचं.

आता गणित करू. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 42 अंशांवर न्यायची:

20 × 4.2 × 22 = 1848 किलोज्यूल, म्हणजे सुमारे अर्धं युनिट वीज.

200 घरं, घरटी 5 माणसं धरली तर 1000 बादल्या, रोज 500 युनिट. उरलेलं पाणी 60 अंशांचं आहे आणि ते 45 अंशांपर्यंत गार होऊ दिलं असं धरा. मग रोज साधारण 30 टन पुरतं. पाण्याची अडचण नाहीच. मात्र त्यात साखरेचा अंश असतो, ते थेट बादलीत नको. हीट एक्सचेंजर लावून फक्त उष्णता घ्यायची.

खरी अडचण पाइपची. 75 मिलिमीटर व्यासाच्या 1 किलोमीटर पाइपमध्ये सुमारे 4400 लिटर पाणी मावतं. रात्रभरात ते गार होतं. सकाळी तेवढं आधी सोडून द्यायचं? आपली एकूण गरजच 20,000 लिटर आहे! म्हणून लांबच्या गावाला ही योजना परवडणार नाही, असं माझं मत.

मग जवळ कोण राहतं? बैलगाडीवाले ऊसतोड कामगार. बीडहून, आपल्याच पाथर्डी-शेवगावहून आलेली ही कुटुंबं कारखान्याजवळच्या अड्ड्यावर कोप्या टाकून राहतात. दिवसभर फडात राबून आल्यावर बायकांनाच सरपण बघावं लागतं. अड्ड्यावर एक सामाईक न्हाणीघर आणि टाकी केली तर पाइप 300 मीटरचा, त्यात अडकणारं पाणी जेमतेम 1300 लिटर.

शिवाय हंगाम जुळतो. गाळप चालू तोवरच उष्णता मिळणार, आणि गाळप संपलं की ही माणसंही गावी परततात. सफाईसाठी कारखाना बंद असेल त्या दिवशी मात्र चूल पेटवावीच लागेल.