खरखर मोजा

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा गेम. त्यातल्या ३२ पातळ्या, मारिओ, कासवं, ढग, नाणी, शेवटचा किल्ला आणि कोजी कोंदो यांनी बांधलेलं सगळं संगीत मिळून भरतात ४०,९६० बाइट. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे अख्खा गेम सीडीवरच्या पाव सेकंदात मावतो आणि वर जागा उरते. याच गेमची मुख्य धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

एवढंसं असूनही हे संगीत मिनिटामागून मिनिट वाजतं, कारण गेमच्या कॅसेटमध्ये आवाज नसतोच. असतात फक्त सूचना: हा सूर लाव, एवढा वेळ धर, आता सोड. वाजवण्याचं काम डब्यातली चिप जागच्या जागी करते. बंदिशींची वही आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण यांत जो फरक, तोच इथे आहे. आपण ‘गेमचं गाणं एमपी-थ्री करून घेऊ’ म्हणतो तेव्हा वहीवरून मैफल उभी करतो, आणि तिचा क्षण न् क्षण आकड्यांत उतरवतो. पुढच्या पिढीतल्या सुपर निन्टेन्डोच्या गाण्याची एसपीसी फाइल ६६,०४८ बाइटची असते. त्यातून सीडी-दर्जाची तीन मिनिटं काढली की ३,१७,५२,००० बाइट होतात. ही ४८० पट वाढ आहे, आणि खरखर शिरते ती या वाढीत.

गेल्या उन्हाळ्यात भाचा लॅपटॉप घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, लहानपणी परभणीच्या घरात ज्या गेमवर सुट्ट्या घालवल्या, त्याची गाणी तिच्या फोनवर घालून द्यायची, म्हणून त्यानं स्वतः एक छोटा कन्व्हर्टर लिहिला होता. गाणं वाजलं, सूर ओळखू आले, पण सगळ्यावर बारीक खरखर, गरम तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तशी. “मामा, आवाज कमी करून पाहिला, दुसरा हेडफोन लावून पाहिला, जातच नाही. जुन्या गाण्यांना असंच असतं का?”

जुन्या गाण्यांना असं नसतं, हे मी छातीठोक सांगितलं. खरखर मी लहानपणापासून ओळखतो. आकाशवाणीचं परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लावलेलं असायचं आणि वळवाच्या दिवसांत लांब कुठे वीज चमकली की रेडिओ तडतडायचा. ती खरखर बाहेरची होती. वीज थांबली की गाणं जसंच्या तसं. भाच्याच्या फाइलमध्ये ना वीज होती ना हवा. तिथे फक्त आकडे होते आणि दोष आकड्यांतच होता. आकड्यांतला दोष मोजता येतो, हे मला त्याला दाखवायचं होतं.

आधी आकडे किती ते बघू. सीडी-दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला हवेच्या दाबाची ४४,१०० मापं घेतली जातात. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८,३६,०८६ होती. नऊ तालुक्यांतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक आकडा दिला, तान्ह्या लेकरापासून पणजीपर्यंत कुणाला वगळलं नाही, तरी गाणं ४२ सेकंदही चालणार नाही. तेही एका कानापुरतं. दोन्ही कानांसाठी २१ सेकंद. दोन कानांच्या तीन मिनिटांत १,५८,७६,००० आकडे असतात. ७ जूनला मृग निघाल्यावर कुणी सेकंदाला एक या गतीनं हे आकडे मोजायला बसला, झोपला नाही, जेवायला उठला नाही, तर तो ८ डिसेंबरच्या सुमारास थांबेल. तोवर कापसाच्या वेचण्या होत आलेल्या असतील.

दोन मापांमधला वेळ सेकंदाचा ४४,१०० वा भाग. तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम ८ मिलिमीटर जातो, म्हणजे ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवले तेवढं अंतर. ज्वारीवरून आठवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं रब्बी ज्वारीचं नावाजलेलं वाण ‘परभणी मोती’ आहे आणि त्याचा क्रमांक एसपीव्ही १४११. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट या वेगानं वाहतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण परभणीच्या माणसाला हा आकडा पाठ करायला यापेक्षा सोपी खूण नको.

आता या आकड्यांत दहा हजारांमागे एकच चूक झाली असं धरा. परीक्षेत इतके गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. आवाजात मात्र तेवढ्यानं एका कानाला सेकंदाला चार-साडेचार चुका होतात, तीन मिनिटांत दोन्ही कानांना मिळून १,५८८. चुकलेला आकडा शेजाऱ्यांपासून लांब असला, की स्पीकरचा पडदा एकदम तिकडे उडी मारून परत येतो, आणि ती उडी आपल्याला ‘टक्’ अशी ऐकू येते. एकटीदुकटी असेल तर टिकटिक, दाटीनं आल्या की खरखर.

या उड्या घडतात कशा? सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आकडा भांड्याबाहेर जाणं. १६ बिटांच्या आवाजात प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसतं. सगळ्यात वरची पायरी ३२,७६७, सगळ्यात खालची उणे ३२,७६८. सुपर निन्टेन्डोची आवाजाची चिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली, ज्यांनी पुढे प्लेस्टेशन उभं केलं. तिच्यात आठ स्वर एकाच वेळी वाजतात. आठही पूर्ण जोरात आले तर बेरीज २,६२,१३६ होते आणि भांडं आहे ३२,७६७ चं. कन्व्हर्टर सावध असेल तर बेरीज आधी खाली आणतो. कमी सावध असेल तर वरचं छाटतो. मग लाटांचे माथे गंगाखेडकडच्या बालाघाटासारखे सपाट दिसतात आणि आवाज फाटतो. अगदीच बेसावध असेल तर मोटारसायकलच्या मीटरसारखं होतं: ९९,९९९ नंतर एकदम शून्य. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर येतं उणे ३२,७६८. सगळ्यात वरच्या पायरीवरून थेट तळाला, तेही ज्वारीच्या दोन दाण्यांएवढ्या अंतरात. याहून मोठी उडी १६ बिटांच्या आवाजात असूच शकत नाही.

ही खरखर ओळखायची खूण सोपी आहे. ती फक्त जोराच्या जागी येते, हळू जागी गाणं स्वच्छ असतं. उपाय मूळ फाइलपासून पुन्हा करावा लागतो: रूपांतराच्या आधीच आवाज निम्म्यावर आणायचा. छाटून झाल्यावर आवाज कमी केला तर फक्त छाटलेलं गाणं हळू वाजतं. गेलेले माथे परत येत नाहीत.

एमपी-थ्री करताना आणखी एक खबरदारी हवी. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो, तर हे तंत्र त्या जर्मनीचंच, मुख्यतः एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेलं. १२८ किलोबिटची एमपी-थ्री सीडीच्या अकरा आकड्यांची जागा एकात भागवते. ती मूळ आकडे जपत नाही, त्यांच्यासारखे दिसणारे नवे उभे करते, आणि नवे कधी कधी मूळ आकड्यांपेक्षा उंच निघतात. म्हणून सर्वांत उंच माथा २९,२०० च्या आसपास ठेवावा, वर थोडी मोकळी जागा असू द्यावी.

बाकीची कारणं पटकन सांगतो. दोन बाइटांची जागा अदलाबदल झाली की १ चा २५६ होतो, आणि गाण्याऐवजी नुसता धबधबा ऐकू येतो. मारिओ वाजवणाऱ्या जुन्या चिपच्या घड्याळाचे सेकंदाला १७,८९,७७३ ठोके असतात. त्यांतून साधारण चाळिसामागे एक उचलून बाकीचे नुसते फेकले, तर कानापलीकडचे बारीक सूर खोटे होऊन कानाच्या टप्प्यात परततात, चित्रपटात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं तसे. त्यानं सुरावर किरकिर चढते. प्लेस्टेशनचा आवाज २८-२८ मापांच्या गठ्ठ्यांत बांधलेला असतो आणि प्रत्येक गठ्ठा आधीच्यावर टेकलेला असतो. तो आधार तुटला तर सेकंदाला १,५७५ सांधे बोलू लागतात.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. खरखर नुसती ऐकू नका, मोजा. जुन्या एलपीवर ओरखडा असेल तर टिक दर १.८ सेकंदांनी येते, कारण तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. घड्याळ लावून टिक मोजली की दोष तबकडीचा, हे न बघता कळतं. फाइलचंही तसंच आहे.

भाच्याची फाइल आम्ही ऑडॅसिटीत उघडली. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. आधी पूर्ण गाणं पाहिलं: माथे कुठेच छाटलेले नव्हते, आणि खरखर हळू जागीही तेवढीच होती. म्हणजे भांडं भरून वाहिलेलं नाही. मग लाट मोठी करत गेलो, इतकी की एकेक माप ठिपक्यासारखं दिसू लागलं. गुळगुळीत चाललेली रेघ एका जागी शून्याकडे दचकली होती आणि लगेच सावरली होती. “पुढचा दचका शोध,” मी म्हटलं. तो सापडला. मधले ठिपके मोजले: १,११४. त्याच्या पुढचा? पुन्हा १,११४. चौथ्यांदाही तेच आलं तेव्हा तो खुर्चीत ताठ झाला.

फोनसाठी त्याला ४८,००० मापांचा आवाज करायचा होता, म्हणून त्याचा प्रोग्रॅम ४४,१०० वरून ४८,००० वर जात होता, म्हणजे दर १४७ आकड्यांतून १६० नवे घडवायचे. गाणं तो १,०२४ आकड्यांच्या तुकड्यांत घेत होता. आता १,०२४ ला १६० नं गुणा आणि १४७ नं भागा. उत्तर येतं १,११४.५६. तो १,११४ लिहून घ्यायचा आणि ०.५६ सोडून द्यायचा. शिवाय प्रत्येक नवा तुकडा सुरू करताना मागे काहीच नव्हतं असं धरून चालायचा, म्हणून रेघ शून्याकडे ओढली जायची. सेकंदाला ४३ वेळा.

चौथीच्या मुलाची चूक म्हणजे हातचा विसरणं. तीच इथे होती. बेरजेत एककाच्या घरातला हातचा दशकाच्या घरात न्यायचा असतो, तसा एका तुकड्यातला ०.५६ आणि शेवटचे काही आकडे पुढच्या तुकड्यात न्यायला हवे होते. मी त्याला गाण्याची लांबी तपासायला लावली. तीन मिनिटांच्या फाइलमध्ये ८६,४०,००० मापं हवीत, होती ८६,३५,६७६. गाणं ४,३२४ आकड्यांनी आखूड होतं, सेकंदाच्या अकराव्या भागानं. कानाला हे कधी कळलं नसतं, पण प्रत्येक तुकड्यातला हातचा तिथे नोंदलेला होता.

त्यानं चार ओळी बदलल्या. फाइल पुन्हा केली. मापं भरली बरोबर ८६,४०,०००. संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात होती, त्यानं काही न बोलता गाणं लावलं, आणि तिनं पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. तीन मिनिटांत ७,७५१ सांधे येऊन गेले, ऐकू एकही आला नाही.