गाडीचं इंटिरियर : फिकं की गडद?

फिकं (बेज, करडं)
- ऊन जास्त परावर्तित करतं. सीट तुलनेनं कमी तापते.
- केबिन ऐसपैस भासते.
- नव्या जीन्सची निळाई, चहाचे डाग, चिखलाचे ठसे लगेच उठून दिसतात.

गडद (काळं, तपकिरी)
- डाग झाकले जातात. धूळ आणि पांढरे केस मात्र ठळक दिसतात.
- उष्णता अधिक शोषतं.

डॅशबोर्ड वरून गडद का? फिक्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि रस्ता धूसर दिसतो. म्हणूनच बेज गाड्यांतही वरचा भाग बहुधा काळा, खालचा फिका असतो.

ऊन किती? अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१८च्या अभ्यासात, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत, तर सीट ५१ अंशांपर्यंत तापल्या.