बंद लखोट्यातील ई-मेल

पोस्टकार्डावर काय लिहावे आणि पाकिटात काय घालावे, याचा विवेक आपल्याकडील अल्पशिक्षित माणसालाही असतो. खुशालीचे चार शब्द कार्डावर जातात; घरातील आजारपण, कर्जाचा तगादा किंवा सोयरिकीची बोलणी पाकिटात जातात. ई-मेलच्या बाबतीत मात्र हा विवेक सुशिक्षितांकडूनही पाळला जात नाही. संगणकाच्या पडद्यावर सर्वच पत्रे सारखी दिसतात आणि आपण कार्ड लिहीत आहोत की पाकीट, हे लिहिणाऱ्याला उमगत नाही.

शाळेतून विद्यार्थ्यांच्या याद्या, ग्रामपंचायतीतून लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, कार्यालयातून कर्मचाऱ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रे ई-मेलने पाठविली जातात. ही माहिती पाठविणाऱ्याच्या मालकीची नसून ज्यांनी विश्वासाने ती दिली त्या नागरिकांची असते. म्हणूनच ई-मेलचे कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

पत्राचा प्रवास

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाणारे पहिले ई-मेल रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने 1971 मध्ये पाठविले. 1982 मध्ये ई-मेलच्या वाहतुकीचे सर्वमान्य नियम प्रसिद्ध झाले. त्या काळी हे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते आणि संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते. परस्परांवर विश्वास होता, त्यामुळे मजकूर उघडाच जाई.

पुढे वाहतुकीत मजकुराला संरक्षण देण्याची सोय झाली आणि आज बहुतेक मोठ्या सेवा ती वापरतात. परंतु हे संरक्षण टपालाच्या थैलीसारखे आहे. दोन कार्यालयांच्या दरम्यान थैली मोहोरबंद असते. प्रत्येक कार्यालयात ती उघडली जाते आणि आतील कार्ड तेथे वाचता येते. पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सेवेकडे पत्राची वाचनीय प्रत राहते. खात्याचा पासवर्ड इतरांच्या हाती गेल्यास वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका क्षणात उघडा पडतो. पत्र लिहिणाऱ्याच्या संगणकावर बंद व्हावे आणि वाचणाऱ्याच्याच संगणकावर उघडावे, अशी व्यवस्था असेल तरच त्याला खऱ्या अर्थाने बंद लखोटा म्हणता येईल.

दोन किल्ल्यांची युक्ती

गुप्तलेखनाची जुनी अडचण अशी की, ज्या किल्लीने मजकूर बंद करावयाचा तीच किल्ली उघडणाऱ्यालाही पोहोचवावी लागे. ती वाटेत चोरीस गेली की सारे व्यर्थ. 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीतून मार्ग दाखविला. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तो प्रत्यक्षात आणणारी गणिती पद्धत शोधली.

गावातील टपालपेटी डोळ्यांसमोर आणावी. पत्र टाकण्याची फट सर्वांना खुली असते, पण पेटी उघडण्याची किल्ली एकट्या टपाल कर्मचाऱ्याजवळ असते. तसेच येथे प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यावयाची. तिने पत्र फक्त बंद करता येते. खाजगी किल्ली स्वतःजवळच ठेवावयाची. पत्र उघडते ते तिनेच. याचाच अर्थ असा की, पत्र बंद करताना आपली नव्हे, तर ज्याला पाठवावयाचे त्याची सार्वजनिक किल्ली वापरावी लागते. या किल्ल्यांचा उलट उपयोग स्वाक्षरीसाठी होतो. खाजगी किल्लीने केलेली स्वाक्षरी कोणालाही सार्वजनिक किल्लीने पडताळून पाहता येते.

फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी नावाची संगणक प्रणाली तयार करून ही विद्या सामान्य माणसाच्या हाती दिली. त्या काळी अमेरिकेत प्रबळ कूटलेखनाच्या निर्यातीवर शस्त्रास्त्रांप्रमाणे निर्बंध होते. त्यामुळे झिमरमन यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला. ती चौकशी 1996 मध्ये आरोप न ठेवता बंद करण्यात आली.

साधन आले, वापर का वाढला नाही?

याचे उत्तर 1999 मध्ये आल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी केलेल्या अभ्यासातून मिळाले. ई-मेल सराईतपणे वापरणाऱ्या 12 व्यक्तींना त्यांनी पीजीपीची त्या वेळची आवृत्ती दिली. कूटबद्ध आणि स्वाक्षरीयुक्त पत्र पाठविण्यासाठी 90 मिनिटांचा अवधी होता. केवळ एक तृतीयांश व्यक्तींना ते जमले. तिघांनी तर गुप्त मजकूर नकळत उघडाच पाठवून दिला. कित्येकांनी दुसऱ्यासाठी पत्र बंद करताना स्वतःचीच किल्ली वापरली. गणितात कोठेही खोट नव्हती. माणूस आणि यंत्र यांच्यातील संवादात होती.

या अडचणीचा फटका जाणत्यांनाही बसतो. 2012 च्या डिसेंबरमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना पीजीपी बसवून घेण्याची विनंती केली होती. ते काम किचकट वाटल्याने ग्रीनवाल्ड यांच्याकडून लांबणीवर पडत गेले, आणि अखेर स्नोडेन यांनी चित्रपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क साधला.

मुख्य अडचणी तीन आहेत. समोरच्याची किल्ली मिळवावी कशी, ही पहिली. मिळालेली किल्ली त्याचीच आहे, तोतयाची नव्हे, याची खातरजमा कशी करावी, ही दुसरी. खाजगी किल्ली हरवली तर जुनी पत्रे कायमची बंद राहतात, ही तिसरी.

सुलभतेचे मार्ग

व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संदेशांना दोन्ही टोकांपर्यंतचे कूटलेखन लागू केल्याचे जाहीर केले. कोट्यवधी लोकांना किल्ली हा शब्दही ऐकावा लागला नाही. जे करावयाचे ते यंत्रानेच करावे, हा त्यातील धडा होय. मात्र ती एकाच कंपनीची बंदिस्त व्यवस्था आहे. ई-मेलमध्ये जगभरातील असंख्य सेवांचा परस्परांशी मेळ बसवावा लागतो, म्हणून तेथे हे काम अधिक अवघड आहे.

तरीही प्रगती झाली आहे. 2017 मध्ये निश्चित झालेल्या ऑटोक्रिप्ट या पद्धतीत प्रत्येक पत्रासोबत पाठविणाऱ्याची सार्वजनिक किल्ली आपोआप जाते. उत्तर देताना ती हाताशी असते. थंडरबर्ड या मोफत ई-मेल प्रणालीत 2020 पासून पीजीपीच्या धर्तीच्या कूटलेखनाची सोय अंगभूत आहे. प्रोटॉनसारख्या सेवेत तिच्या दोन ग्राहकांमधील पत्रे आपोआप बंद होतात. सोय वाढते तसा काही विश्वास यंत्रावर किंवा सेवेवर टाकावा लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. महत्त्वाच्या व्यवहारात किल्लीची ओळखखूण, म्हणजे तिच्यापासून तयार होणारी अक्षरांची आणि अंकांची छोटी मालिका, दूरध्वनीवरून परस्परांना वाचून दाखविणे हाच खात्रीचा उपाय होय.

आपल्या परिचयाची किल्ली

पंचायत सदस्यांना ही विद्या वाटते तितकी परकी नाही. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून निधीचे प्रदान करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी जे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरतात, त्यात खाजगी किल्लीच असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये अशा स्वाक्षरीला कायद्याची मान्यता आहे. म्हणूनच टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे होय. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र पत्र बंद करण्यासाठी नसते. कूटलेखनासाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, हेही येथे नमूद करावयास हवे.

कार्यालयांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. अधिकाऱ्याची बदली झाली आणि खाजगी किल्ली त्याच्याबरोबर गेली, तर दप्तरातील पत्रे उत्तराधिकाऱ्याला वाचता येणार नाहीत, आणि माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाल्यास कार्यालय निरुत्तर होईल. यास्तव कार्यालयीन कूटलेखन व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता, किल्लीची सुरक्षित प्रत कोणाच्या ताब्यात राहील आणि बदलीच्या वेळी तिचा कार्यभार कसा सोपविला जाईल, हे आधी ठरविले पाहिजे.

आज करता येण्याजोगे

संपूर्ण व्यवस्था उभी राहीपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. नाजूक माहितीची फाईल पासवर्डने कूटबद्ध करून पाठवावी आणि पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता दूरध्वनीवरून सांगावा. तो गावाचे नाव किंवा जन्मतारीख असा सहज ओळखता येण्याजोगा नसावा. पत्राच्या विषयाच्या ओळीत कोणाचे नाव, आजार वा क्रमांक लिहू नये, कारण कूटबद्ध ई-मेलमध्येही ती ओळ बहुधा उघडीच राहते. कोणी कोणास केव्हा लिहिले, हेही झाकले जात नाही. ई-मेल खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. संगणकच दूषित असेल तर कोणताही लखोटा कामाचा नाही, म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवाव्यात. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे, जी माहिती मागितलेली नाही ती पाठवूच नये.

शिक्षकांनी वर्गात टपालपेटीचा दृष्टांत देऊन हा विषय समजावून सांगितला, तर पुढील पिढीला तो अवघड वाटणार नाही. लखोटा बंद करून पाठविणाऱ्या माणसावर कोणी संशय घेत नाही. तो त्याच्या व्यवहारातील शिस्तीचा भाग मानला जातो. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाने ई-मेलच्या बाबतीतही हीच शिस्त अंगी बाणविणे अगत्याचे आहे.