शाळेचा निकाल आणि शाळेचा पट



गावच्या सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेची परीक्षा झाली की पारावर एकच प्रश्न निघतो, ‘आपल्या शाळेचा निकाल कसा काय?’ कोणी सांगतो पंचावन्न टक्के, कोणी सांगतो शेजारच्या गावाचे सत्तर. झाले! आपले मास्तर कुचकामी आणि त्यांचे हुशार, असा निवाडा चहा संपायच्या आत होऊन जातो. पण नुसत्या टक्क्यांवरून शाळेची पारख होत नाही. निकालाशेजारी शाळेचा पट मांडावा लागतो. वर्गात कोणाची मुले आहेत, ती कोठून येतात, वर्षातले किती दिवस बसतात, हे पाहावे लागते. ते का, ते आज सांगायचे आहे.

बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगारांचे गाव डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायको, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘एक कोयता’, बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती परततात मार्च-एप्रिलात. लेकरेही बरोबर जातात. थोरली पोर कोपीवर धाकट्याला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा निम्मा भाग फडातच जातो. नाव मात्र इकडे पटावर असते.

आता थोडा हिशेब करू. गुरुजींनी हवे तर फळ्यावर मांडावा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, आठवीच्या परीक्षेला ४० मुले बसली. त्यांत गावातच राहणारी ३०, त्यांचे सरासरी गुण ६०. ऊसतोड कुटुंबांतली १०, त्यांची सरासरी ४०. सगळे गुण मिळून झाले २२००. त्याला ४० ने भागले की शाळेची सरासरी ५५.

पुढल्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह निघाले. जी २० मुले एरवी कोयत्याबरोबर गेली असती ती आजी-आजोबांजवळ राहिली, वसतिगृहात जेवली आणि वर्गात बसली. परीक्षेत गावात राहणाऱ्या ३० मुलांची सरासरी ६१ आली. ऊसतोड कुटुंबांतली मुले आता १० ची ३० झाली आणि त्यांची सरासरी ४० वरून ४५ वर गेली. एकूण गुण ३१८०, मुले ६०, सरासरी ५३. पाहिलेत? दोन्ही गट पुढे सरकले, वीस जास्त लेकरे परीक्षेपर्यंत पोचली, आणि शाळा मात्र कागदावर दोन गुणांनी खाली आली!

याच्या उलटही होते, आणि ते अधिक वाईट. गैरहजर मुलांची नावे गुपचूप कमी करावीत, कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी ‘घरीच राहा’ म्हणावे, की टक्के आपोआप चढतात. शाळेने काहीएक शिकविलेले नसते. तरी पारावर शाबासकी मिळते ती अशाच शाळेला.

‘आमच्या वेळची सातवी कशी पक्की होती’ असे घराघरांतून ऐकू येते. व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई, हे खरे. पण त्या वर्गापर्यंत पोचत किती? १९५१ च्या खानेसुमारीत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. चाळणीतून चाळून उरलेल्या मुलांची तुलना आजच्या सगळ्या मुलांशी करणे न्यायाचे नाही.

मग शिक्षकांवर काहीच जबाबदारी नाही काय? आहे, पुष्कळ आहे. घरची स्थिती आणि शाळेतली प्रगती यांचा संबंध किती, याची अमेरिकेत फार मोठी पाहणी झाली. जेम्स कोलमन यांचा तो अहवाल १९६६ साली निघाला. घराचा प्रभाव फार मोठा असतो, असे त्यात दिसले. एवढेच वाचून काही लोक हात झटकून मोकळे झाले. परंतु ज्या मुलांना घरून आधार कमी, त्यांच्यावर चांगल्या शिक्षकाचा परिणाम अधिक होतो, हेही त्याच अहवालात आहे. कोपीवरून आलेल्या मुलाला गुरुजींची गरज वकिलाच्या मुलापेक्षा जास्त आहे, हे सांगायला खरे तर अमेरिका कशाला हवी?

आता पालकांनी काय करावे? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या बैठकीत ‘टक्के किती’ एवढेच विचारून उठू नका. दोन वर्षांपूर्वी सहावीत किती मुले होती आणि त्यांतली आज आठवीत किती आहेत, ते विचारा. शाळा सातवीपर्यंतच असेल तर पुढच्या गावी किती गेली, ते विचारा. मुलींचा आकडा वेगळा काढायला लावा, कारण गळती लागते ती बहुधा याच वयात: पुढली शाळा लांब, एस.टी. अवेळी, शाळेत पाण्याची आणि संडासाची सोय नाही, घरी धाकटे भावंड. पटावरची संख्या आणि रोजची हजेरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. ही सगळी माहिती शाळेत असते. दरवर्षी ती सरकारला ‘युडायस’मध्ये भरून द्यावीच लागते.

एक सांभाळावे. मुलांची ही वाटणी कागदावरच राहू द्यावी. वर्गात ‘कोयत्याची पोरे’ म्हणून वेगळी रांग लावली, तर ती पोरे दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

आणि हंगामी वसतिगृहाची मागणी असेल तर कोणाचे आईबाप जाणार, मुले कोणाजवळ राहणार, याची यादी समितीने दसऱ्याच्या आधीच करावी. एकदा का ट्रक-ट्रॅक्टर गावातून निघाले, की यादीतली मुले त्यांतच बसलेली असतात.