नर्सिंगला गेलेली लेक कशी घडते?

 

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी लेकीला नर्सिंगला घालायचं असतं, आणि त्यासाठी गटातून कर्ज हवं असतं. मग प्रश्न सुरू होतात. फी किती? होस्टेल कुठं? नोकरी लागेल का? हे प्रश्न योग्यच आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. तो म्हणजे, तिथं मुलीचा हात कसा बसतो?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आपलाच आहे. आज आपण फी भरणारी आई आहोत. उद्या बाळंतपणाला किंवा आजारपणात आपण खाटेवर असू, आणि कुणाची तरी लेक हातात सुई घेऊन आपल्यासमोर उभी राहील. तिला ते काम नीट येतं की नाही, यावर आपला जीव अवलंबून असतो.

आधी अभ्यासक्रमांची ओळख करून घेऊ. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर बहुतेक करून एएनएम असतात. एएनएम आणि जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय लागतो. बीएस्सीला बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. तिन्हींमध्ये पुस्तकाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व वॉर्डातल्या कामाला असतं.

हे शिक्षण पायरीपायरीनं होतं. पहिली पायरी म्हणजे कॉलेजची प्रयोगशाळा. तिथं खाट असते, रबरी बाहुला असतो, मैत्रिणीचा हात असतो. मुलगी सगळ्यात आधी शिकते हात धुणं. आपल्याला वाटेल, यात काय शिकायचं? पण साबण-पाण्यानं हात धुण्याच्या पूर्ण क्रियेला 40 ते 60 सेकंद लागतात. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, सगळं ठरलेल्या क्रमानं घासायचं. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात स्वच्छ करायचे. बाळंतिणीला होणारा जंतुसंसर्ग टाळण्याची सुरुवात इथूनच होते.

मग बीपी मोजणं येतं. हे नीट ऐका, कारण प्रत्येक गरोदर बाईला याचा उपयोग आहे. बाईला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठीला टेका हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, हात हृदयाच्या उंचीवर ठेवलेला हवा. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाऊजच्या बाहीवरून नाही. मोजताना कुणीच बोलायचं नाही. हवा हळूहळू सोडताना कानात पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आणि ठोका ऐकू येणं बंद होतं तो खालचा. सुरुवातीला मुलींना काही ऐकूच येत नाही. दहा जणींचं मोजल्यावर थोडं ऐकू येतं. शंभर जणींचं मोजल्यावर कान तयार होतो. गरोदरपणात हा आकडा 140/90 किंवा त्याहून वर गेला तर ती धोक्याची खूण आहे. सोबत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. म्हणजे मुलीच्या कानानं चूक केली, तर एखादीचा झटक्यांचा धोका वेळेवर कळणारच नाही.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष वॉर्ड. इथं मुलगी आधी बघते, मग मोठ्या सिस्टरच्या किंवा शिक्षिकेच्या नजरेखाली करते, आणि त्यांची खात्री पटल्यावरच एकटी करते. तिच्याजवळ नोंदवही असते. कोणतं काम किती वेळा पाहिलं, किती वेळा केलं, ते लिहून त्यावर सही घ्यावी लागते. नुसती सही मिळाली आणि काम झालंच नाही, तर वही भरते पण हात रिकामाच राहतो.

इंजेक्शनचं उदाहरण घ्या. टोचणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याआधी पाच गोष्टी तपासायच्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. रुग्ण ओळखायची एक साधी रीत आहे. "तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारायचं नाही. "तुमचं नाव काय?" असं विचारायचं. कारण तापानं ग्लानीत असलेली बाई कशालाही "हो" म्हणते, आणि एका वॉर्डात दोन सुनीता असू शकतात. टोचून झाल्यावर सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती सरळ सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकायची. टोपण लावतानाच बोटाला सुई लागते, आणि कावीळ-बी सारखा आजार त्या एका टोचण्यातून येऊ शकतो. म्हणून वॉर्डात जाण्याआधी मुलीला कावीळ-बीची लस मिळाली का, हे आईनं जरूर विचारावं.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. इथं हातासोबत डोकं चालवावं लागतं. आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. समजा, पावसाळ्यात सोयाबीन निंदताना एका बाईला साप चावला आणि तिला दवाखान्यात आणलं. नवखी विद्यार्थिनी जखमेकडे बघते. तयार झालेली विद्यार्थिनी त्या बाईकडे बघते. किती वाजता चावला? पायाला घट्ट दोरी बांधली आहे का? हिरड्यांतून रक्त येतंय का? लघवी लाल होतेय का? पापण्या खाली पडतायत का? श्वास कसा चाललाय?

मग ती वीस मिनिटांच्या चाचणीला मदत करते. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन ती नळी 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची. नंतर एकदा तिरपी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल, तर घोणस किंवा फुरसे यांच्यासारखं रक्तावर काम करणारं विष असण्याची शक्यता मोठी. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली, तर चाचणी फसते. एवढी साधी गोष्ट, पण कारण समजलेलं असेल तरच लक्षात राहते.

आणि रक्त गोठलं, तर धोका टळला का? नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज जवळपास नसते, दुखतही फारसं नाही. रक्तही नीट गोठतं. पण काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. नातेवाईक म्हणतात, "रातभर जागरण झालं, झोपू द्या तिला." तयार झालेली विद्यार्थिनी झोपू देत नाही. ती उठवून सांगते, "मावशी, वर बघा. डोळे पूर्ण उघडा." उघडले नाहीत तर लगेच डॉक्टरांना बोलावते. झोप आणि विष यांतला हा फरक ओळखणं म्हणजेच कौशल्य. सापाचं औषध सुरू झाल्यावरही ती खाटेजवळून हलत नाही, कारण पहिल्या काही मिनिटांत अंगावर गांधी उठू शकतात, बीपी घसरू शकतं.

चौथी गोष्ट पायरीपेक्षा सवय आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून लागावी लागते. तपासणीआधी पडदा ओढणं. "मी विद्यार्थिनी आहे, सिस्टर सोबत आहेत, तुमची तपासणी करू का?" असं विचारणं. रुग्णाची गोष्ट एसटीत बसून मैत्रिणीला न सांगणं. केलेलं काम लगेच लिहून ठेवणं, न केलेलं काम कधीच न लिहिणं. आणि काही चुकलं तर लपवायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा सांगायचं. औषधाची मात्रा चुकली आणि दहा मिनिटांत कळलं तर उपाय होतो. बोलणी खाण्याच्या भीतीनं ती गप्प बसली तर रुग्णाचा जीव जातो. म्हणून लेक घरी येऊन सांगते, "आज मला सिस्टर रागावल्या," तेव्हा आपण लगेच कॉलेजला भांडायला निघू नये. आधी विचारावं, "काय शिकलीस?"

पदवी हातात आली म्हणजे घडण संपली, असंही नाही. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर या परिचर्येच्या अभ्यासक बाईंनी 1984 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी परिचारिकेच्या वाढीचे पाच टप्पे सांगितले. नवखी, थोडी पुढे गेलेली, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढली की साधारणपणे सक्षमता येते, असं त्यांचं म्हणणं. बाळंतपणाच्या वॉर्डात मुरलेली सिस्टरसुद्धा जळितांच्या वॉर्डात गेली की तिथं पुन्हा नवखी असते. भाकरीचं तसंच आहे ना? पीठ तेच, हात तोच, पण चूल बदलली की पहिल्या दोन भाकरी बिघडतात.

आपल्या महाराष्ट्रात बायकांनी ही वाट सहज मिळवलेली नाही. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायका परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांत तरुण विधवाही होत्या. परक्या माणसाला शिवायचं, रात्रपाळी करायची, हे त्या काळी घरंदाज बाईला न शोभणारं मानलं जाई. त्या बायकांना मान मिळाला तो हातातल्या कसबामुळे. आजही मान तिथूनच मिळतो.

आता पैशाचं बोलू. कर्ज काढण्याआधी कॉलेजला काय विचारायचं?

एक, मान्यता. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? कागद मागा. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे काही कोर्स "नर्सिंग" नावानं चालतात. त्यांत मदतनीसाचं काम शिकवतात. ते काम हलकं नाही, पण त्या कागदावर परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सिस्टरची नोकरी नाही. गटाचं कर्ज मात्र फेडावंच लागतं.

दोन, रुग्णालय. जीएनएम आणि बीएस्सीच्या संस्थेचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय असावं, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. आदिवासी आणि डोंगरी भागाला त्यात सवलत मिळते. इमारतीचा फोटो पाहून भुलू नका. जाऊन बघा, खाटांवर रुग्ण आहेत का? बाळंतपणं होतात का? रिकाम्या खाटेवर कुणाचाच हात बसत नाही.

तीन, शिक्षिका. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असं प्रमाण धरलेलं आहे. शिक्षिका वॉर्डात मुलींसोबत येतात का, हे तिथल्याच जुन्या मुलींना विचारा. त्या खरं सांगतील.

चार, हजेरी. "कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेला या," असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ परत या.

शेवटी, आपण खाटेवर असू तेव्हाचं. विद्यार्थिनी आली की तिला हाकलू नका. आज आपल्यावर हात बसवणारी मुलगी उद्या आपल्याच सुनेचं बाळंतपण करणार आहे. पण आपलाही हक्क आहे. "सिस्टर सोबत आहेत का?" असं विचारा. "आधी हात धुतेस का, बाई?" असं म्हणा. नको वाटलं तर "नको" म्हणा. चांगली शिकणारी मुलगी या प्रश्नांनी रागावत नाही, उलट ती तयार होते.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गावातल्या ज्या मुली नर्सिंगला आहेत, त्यांच्यापैकी एकीला सुट्टीत बोलवा. सगळ्यांचं बीपी मोजायला सांगा आणि आज सांगितलेल्या गोष्टी ती पाळते का ते बघा. पाच मिनिटं बसवलं का? बाही वर केली का? मोजताना आपल्याला गप्प राहायला सांगितलं का? कुणाचा आकडा जास्त आला तर तिला उपकेंद्रात पाठवा. त्या मुलीला सराव होईल, आपल्याला तब्येत कळेल, आणि जिच्या लेकीचं कर्ज बैठकीपुढं आहे, तिला कॉलेजात नेमकं काय बघायचं ते समोर दिसेल.

पुन्हा भेटू. नमस्कार.