सायमंड्सच्या खात्यातली वानखेडेची नोंद

14 मे 2022 च्या रात्री क्वीन्सलंडमध्ये, टाउन्सविलपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या हर्वी रेंज भागात अँड्र्यू सायमंड्सची गाडी रस्ता सोडून उलटली. गाडीत तो होता आणि त्याची दोन कुत्री. कुत्री वाचली, तो गेला. वय 46. जेमतेम दहा आठवड्यांपूर्वी, 4 मार्चला, रॉड मार्श आणि शेन वॉर्न एकाच दिवशी गेले होते. ऑस्ट्रेलियन क्रिकेट अजून त्याच धक्क्यात होतं.

आपल्याकडे दुसऱ्या दिवशी जे छापून आलं, दाखवलं गेलं, त्यात चार गोष्टी ठळक होत्या: सिडनी, हरभजन, दारू आणि ‘बिग बॉस’चं घर. गुणी पण बेशिस्त, हातानं करिअरची माती करून घेतलेला खेळाडू, असा एकंदर सूर. मेलेल्या माणसाचं खातं आपण असंच घाईघाईनं बंद करतो. पण या खात्यातली एक नोंद मुंबईची आहे आणि ती आपण सोयीस्करपणे गाळतो. म्हणून हा लेख.

आधी खेळाबद्दल, कारण तो होता म्हणून बाकीचं सारं. सायमंड्सचा जन्म 1975 चा, बर्मिंगहॅमचा. जन्मदात्यांपैकी एकाची मुळं कॅरिबियन. त्याला दत्तक घेतलं एका गोऱ्या जोडप्यानं, आणि तो वाढला क्वीन्सलंडमधल्या चार्टर्स टॉवर्स या खाणींच्या जुन्या गावात. 1995 मध्ये ग्लूस्टरशायरकडून खेळताना त्यानं ग्लॅमॉर्गनविरुद्ध नाबाद 254 धावा काढल्या, त्यात 16 षटकार होते. प्रथम श्रेणीच्या एका डावातला हा विक्रम जवळपास वीस वर्षं टिकला. जन्मानं इंग्लिश असल्यामुळे इंग्लंड ‘अ’ संघात त्याची निवडही झाली. त्यानं ती नाकारली. मला ऑस्ट्रेलियाकडूनच खेळायचंय, म्हणाला. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या संघात जागा मिळणं म्हणजे काय होतं, हे नव्वदचं दशक पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

जागा मिळाली तरी ती पक्की व्हायला 2003 उजाडलं. 11 फेब्रुवारी, जोहान्सबर्गचं वाँडरर्स, विश्वचषकातला ऑस्ट्रेलियाचा पहिलाच सामना. वॉर्न उत्तेजक चाचणीत सापडल्याची बातमी त्याच दिवशी फुटलेली. समोर पाकिस्तानचे वसीम, वकार, शोएब. सायमंड्स संघात होता तो मुख्यतः कर्णधार पाँटिंगच्या हट्टामुळे. 4 बाद 86 वरून त्यानं 125 चेंडूंत नाबाद 143 काढल्या. त्याला कंबरेच्या वर थेट चेंडू टाकले म्हणून वकारची गोलंदाजी पंचांनी थांबवली, इतका तो डाव गोलंदाजांच्या डोक्यात गेला होता. त्यानंतर सहा वर्षं हा माणूस एकदिवसीय क्रिकेटमध्ये काय होता, ते आकड्यांत पुरतं कळत नाही. 198 सामने, 5088 धावा, 133 बळी हे ठीकच. पण कव्हर आणि पॉइंटच्या मधे तो उभा असला की फलंदाज चोरटी धाव घ्यायच्या आधी दोनदा विचार करत, याची नोंद कुठल्याच धावफलकात नसते.

दारूचं प्रकरण खरं आहे आणि जुनंही आहे. जून 2005 मध्ये कार्डिफला बांगलादेशविरुद्धच्या सामन्याच्या सकाळी तो रात्रीची उतरलेली नसतानाच हजर झाला. संघाबाहेर बसवला गेला, आणि नेमका तोच सामना ऑस्ट्रेलिया हरली. तेव्हा त्याच्या पडझडीचं सगळं खापर कुणा दुसऱ्यावर फोडायचा माझा इरादा नाही.

आता मुंबईची नोंद. ऑक्टोबर 2007. ऑस्ट्रेलियाचा संघ सात एकदिवसीय सामन्यांसाठी भारतात होता आणि मालिकेत सायमंड्स तुफान खेळत होता. डोक्यावर वेण्या, ओठांवर पांढऱ्या झिंकचा जाड थर, ओळखायला सोपा. बडोद्याच्या सामन्यात तो सीमारेषेजवळ उभा असताना प्रेक्षकांतून माकडासारखे आवाज सुरू झाले. तक्रार आली तेव्हा हा गैरसमज असावा, असा सूर आपल्याकडे लागला. नागपूरला त्यानं नाबाद 107 धावा ठोकल्या. मग 17 तारखेला वानखेडे. तिथे आवाज आलेच, पण या वेळी स्टँडमधल्या माणसांचे हातवारेही कॅमेऱ्यात सापडले: बगला खाजवणं, तोंड वेडावणं, सगळं. गैरसमजाला जागाच उरली नाही. पोलिसांनी चार जणांना ताब्यात घेतलं. सामना भारतानं जिंकला, मुरली कार्तिकनं सहा बळी घेतले. मालिका ऑस्ट्रेलियाची झाली. मालिकावीराचं बक्षीस घ्यायला सायमंड्स पुढे आला, तेव्हाही हुर्यो उडवली गेली.

आपल्यातले पुष्कळ जण तेव्हा म्हणाले, आणि आजही म्हणतील, की हा वंशद्वेष नव्हेच, नुसता टवाळपणा. आपण तर स्वतःच सावळे. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. मुलगी ‘उजळ’ असल्याचं लग्नाच्या जाहिरातीत छापणारा समाज आपलाच. पळवणकर बाळूंसारख्या दलित गोलंदाजाला पुण्यात चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर बसवून देणारं क्रिकेटही आपलंच. माणूस कमी लेखायच्या पद्धती आपल्याला कुणा गोऱ्यानं शिकवायची गरज नव्हती.

सिडनीची कसोटी त्यानंतर अडीच महिन्यांनी आली. तो सामना भारतीयांना पाठ आहे. सायमंड्स 30 वर असताना इशांतच्या चेंडूला बॅटची कड लागून झेल गेला, पंच बकनर यांनी नाबाद दिलं, सायमंड्स 162 वर नाबाद राहिला आणि आपल्याला कड लागली होती हे नंतर त्यानं निवांतपणे सांगूनही टाकलं. राग येणं स्वाभाविकच होतं. मग तिसऱ्या दिवशी त्याची हरभजनशी जुंपली. ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप, सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी घातलेली तीन कसोटींची बंदी, दौरा सोडून परतण्याची भाषा. अ‍ॅडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चाललं, सचिन तेंडुलकरनं साक्ष दिली, वंशद्वेषाचा आरोप सिद्ध न होता शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापण्यावर मिटलं. प्रॉक्टर यांच्या निर्णयावर गावसकरांनी लिहिलं होतं की एका गोऱ्यानं गोऱ्यांचा शब्द खरा मानला आणि सावळ्यांचा खोटा. लाखो भारतीयांच्या मनातलं ते बोलले. फक्त त्या हिशेबात एक मेख होती. तक्रारीच्या मुळाशी असलेला माणूस गोरा नव्हता. गोरे विरुद्ध सावळे अशी ओळ आखल्यावर सायमंड्सला उभं राहायला जागाच उरली नाही.

हरभजन त्या दिवशी नेमकं काय म्हणाला, यावर मी इथे निकाल देणार नाही. तो न्यायमूर्तींनी दिला आहे. पण सिडनीकडे बघताना वानखेडे डोळ्यांआड करता येत नाही. बडोदा आणि मुंबई सोसून आलेल्या माणसाच्या कानाला काय ऐकू येईल, हा प्रश्न आपल्या बाजूच्या जल्लोषात कुणी फारसा विचारलाच नाही.

तिथून आपली घसरण सुरू झाली, असं सायमंड्सनं दहा वर्षांनी सांगितलं. पिणं वाढलं, आणि सहकाऱ्यांना आपण या भानगडीत ओढलं याची बोच राहिली. ऑगस्ट 2008 मध्ये डार्विनला संघाची बैठक सोडून तो मासे धरायला गेला आणि घरी पाठवला गेला. जून 2009 मध्ये दारूबाबतचे नियम मोडले म्हणून टी-20 विश्वचषकातून परत. करार गेला. कसोटी कारकीर्द 26 सामन्यांवर थांबली, सरासरी 40 च्या वर असताना.

यातला विनोदी भाग आयपीएलचा. सिडनीनंतर दोन महिनेही झाले नव्हते आणि हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनं त्याला 13 लाख 50 हजार डॉलरना घेतलं. त्या लिलावात त्याच्याहून महाग फक्त धोनी गेला. आणि 2011 मध्ये तो चक्क मुंबई इंडियन्सचा झाला. सचिन कर्णधार, हरभजन सहकारी, मैदान वानखेडे. निळा शर्ट चढवल्याबरोबर तोच माणूस ‘आपला’ झाला. त्याच काळात एका मेजवानीत हरभजननं रडून माफी मागितली, असं सायमंड्स पुढे म्हणाला. असं काही घडलंच नाही, असं हरभजनचं म्हणणं.

गावाकडे त्याची आठवण वेगळ्या तऱ्हेनं काढतात. ऑगस्ट 2022 मध्ये टाउन्सविलला झिम्बाब्वेविरुद्ध सामना झाला. मध्यंतरात त्याची मुलं आणि ती दोन कुत्री मैदानात आली. यष्ट्यांपाशी त्याची बॅट, टोपी, रुंद काठाची हॅट आणि खेकडे धरायचा पिंजरा मांडला गेला. मासेमारीमुळे ज्याला संघानं हाकललं, त्याच्या निरोपात क्रिकेट बोर्डानं तोच पिंजरा बॅटशेजारी ठेवू दिला. याला मी समजूतदारपणा म्हणेन.

आपल्याला पिंजरा मांडायची गरज नाही. वानखेडेवर त्या रात्री पंचविशीत असलेले प्रेक्षक आज चाळिशी ओलांडून गेलेत, मुलांना पहाटे क्रिकेटच्या क्लासला सोडत असतील. पोलिसांनी नेले ते चौघं. आवाज त्याहून पुष्कळ जणांचे होते. त्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यानं सायमंड्सचा वाँडरर्सवरचा डाव मुलाला जरूर दाखवावा. आणि पुढे त्याचं काय झालं असं मुलानं विचारलं, तर सांगताना मुंबई वगळू नये.